दंडावर पट्टा, मनगटावर घड्याळ

पहाटे ५.४५

आज चोवीस तासांचं बीपीचं मशीन मी स्वतःलाच बांधून घेतलं आहे. डाव्या दंडाला पट्टा, त्यातून निघालेली रबरी नळी मानेमागून कमरेच्या डबीपर्यंत. दिवसा दर वीस मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या तासाने पट्टा आपोआप फुगतो, आकडा नोंदवतो आणि सुटतो. उजव्या मनगटावर पुतण्याने दिवाळीला दिलेलं घड्याळ आहे. पट्ट्याशिवाय बीपी सांगतं असा त्याचा दावा आहे. दोन हात वेगळे ठेवले ते मुद्दाम. पट्टा फुगला की त्या हातातलं रक्त थोडा वेळ अडतं, आणि घड्याळ त्याच हातावर असेल तर बिचाऱ्याला काही सुधरत नाही.

हा उद्योग पेशंटांमुळे करावा लागला. खांबच्या माझ्या दवाखान्यात हल्ली चिल्हे, देवकान्हे, पुगावची माणसं मनगट पुढे करून बसतात. मुलगा पनवेलला नाहीतर आखातात असतो, घड्याळ त्याने पाठवलेलं असतं, आणि प्रश्न एकच : ‘डॉक्टर, ह्याच्यावर भरवसा ठेवायचा का?’ पुस्तकातलं उत्तर मला ठाऊक होतं. स्वतःच्या अंगावर ताडून बघायचं राहिलं होतं.

उठल्या उठल्या पट्टा म्हणाला १४६/९२. झोपेतून जागं होताना शरीर कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं, बीपी चढतं. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात सकाळच्या वेळी जास्त होतात, त्यामागचं हे एक कारण. त्यात जानेवारी. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि हिवाळ्यातले आकडे उन्हाळ्यापेक्षा चढेच राहतात.

सकाळी ६.१५

घड्याळाला आधी शिकवावं लागतं. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटं न बोलता बसलो. मग दुसऱ्या साध्या मशीनने दंडावर तीनदा बीपी घेतलं आणि ते आकडे फोनमधून घड्याळाला दिले. सरासरी १३६/८४. याला म्हणतात कॅलिब्रेशन. सॅमसंगच्या घड्याळांना ते दर २८ दिवसांनी करावं लागतं. पट्ट्याला हद्दपार करायला निघालेलं यंत्र महिन्याला एकदा पट्ट्याच्याच दारात येतं, हे घड्याळाच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कुणी छापत नाही.

सकाळी ८.००

चहा घेऊन हायवेपर्यंत फेरी. पळस्प्यापासून इंदापूरपर्यंतच्या रुंदीकरणाचं काम २०११च्या सुमारास सुरू झालं. त्या धुळीत इथली एक पिढी शाळेत जाऊन कॉलेजात पोचली. पट्टा फुगला की थांबायचं, हात सैल सोडायचा आणि बोलायचं नाही, असा नियम आहे. मी रस्त्याकडेला पुतळ्यासारखा उभा. दुधाची किटली घेऊन चाललेला शेजारी म्हणाला, ‘काय डॉक्टर, तुम्हालाच सलाईन लावलीय का?’

सकाळी ९.३०

दवाखाना उघडला. पहिले आले ते निवृत्त पोस्टमन, सोबत सूनबाई. आजोबांच्या घड्याळावर १५८ आला होता, म्हणून सूनबाईंनी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता. आजोबा मात्र निवांत. ‘मना काय व्हत नाय, पन ही आयकत नाय.’

त्यांना टेबलाजवळ बसवलं, हात हृदयाच्या पातळीवर ठेवला, पाच मिनिटं गप्प बसवलं. दंडावर १३४/८०. मग हात खाली सोंडेसारखा लोंबता ठेवून घड्याळ लावायला सांगितलं, तर आकडा वर. हात हृदयापासून दहा सेंटिमीटर खाली गेला की त्यातला दाब साधारण साडेसात मिलिमीटरने वाढतो. हे साधं भौतिकशास्त्र आहे, त्यात कंपनीचा दोष नाही. आजोबा गोठ्यात बादली उचलता उचलता घड्याळ बघत होते.

सूनबाईंनी विचारलं, पट्टा नाही, सुई नाही, मग याला कळतं तरी कसं? घड्याळ उलटं करून मागचे हिरवे दिवे दाखवले. हा उजेड कातडीत शिरतो. रक्त हिरवा रंग शोषून घेतं, त्यामुळे ठोक्यागणिक परत येणारा उजेड कमी-जास्त होतो आणि त्यातून नाडीची लाट उमटते. पण लाट दिसणं म्हणजे दाब मोजणं नव्हे. मधलं अंतर गणिताने ओलांडावं लागतं. भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी सोडलेलं पाणी कोलाडला राफ्टिंगच्या बोटींपर्यंत किती वेळात पोचलं, यावरून मागे जोर किती असेल याचा अंदाज बांधावा, तसा हा प्रकार. रोहिणी ताठ असतील आणि दाब जास्त असेल, तर लाट वेगाने धावते. हे नातं मोएन्स आणि कोर्टवेग यांनी १८७८ मध्ये सूत्रात मांडलं होतं. अडचण एवढीच की लाटेचा वेग दाबाने वाढतो तसाच वयाने, थंडीने आणि औषधानेही बदलतो. घड्याळाला लाट दिसते, कारण दिसत नाही.

सूनबाईंना हे किती पटलं कोण जाणे. आजोबांना घड्याळ काढून खिशात घालायची परवानगी मिळाली एवढ्यावर ते खूश होते.

सकाळी ११.००

गर्दी. खोकला, खरूज, गुडघे, साखर. माझा पट्टा मध्येच फुगतो आणि मी स्टेथोस्कोप कानात ठेवून गप्प उभा राहतो. समोरच्या काकींना वाटतं काहीतरी गंभीर ऐकू आलं.

या वेळचा महत्त्वाचा पेशंट धाटाव एमआयडीसीतल्या रसायनाच्या कारखान्यातला ऑपरेटर. वय चाळिशीच्या आत, नाईट करून आलेला, डोळे लाल. दवाखान्यात त्याचं बीपी नेहमी १३० च्या आसपास, पण डोकं दुखतं आणि लघवीत प्रथिनं जातात. मला संशय आहे तो दडलेल्या बीपीचा. दवाखान्यात बरं आणि बाहेर जास्त, असा प्रकार. उलटही असतं : डॉक्टरचा डगला बघून चढणारं आणि घरी नीट असणारं. २०१९ साली जाहीर झालेल्या इंडिया हार्ट स्टडीत पंधरा राज्यांतल्या १८,९१८ लोकांचं बीपी घरी आणि दवाखान्यात तपासलं होतं. सुमारे ४२ टक्के लोक या दोन्हींपैकी एका प्रकारात मोडले. म्हणजे दवाखान्यातल्या एका आकड्यावर गोळी ठरवणारे आम्ही डॉक्टर किती जणांच्या बाबतीत अंधारात असतो, याचा विचार करा. सतत मोजणारं काहीतरी हवं, ही मागणी हौशी नाही, खरी गरज आहे.

आणि या माणसाला ती सगळ्यांत जास्त. निरोगी माणसाचं बीपी झोपेत दहा ते वीस टक्क्यांनी उतरतं. ते उतरत नसेल तर हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड यांना धोका वाढतो. रात्रपाळीवाल्याची झोप दिवसा, तीही पत्र्याखाली, पोरांच्या गोंगाटात. त्याची रात्र कधी होते?

त्याच्याकडेही घड्याळ आहे, चांगलं महागाचं. म्हणालो, कामावर असताना दर तासाचे आकडे दाखव. तो हसला. ‘साहेब, घड्याळ लॉकरला. प्लांटमध्ये न्यायला बंदी आहे.’ बरोबरच आहे. जिथे पेट घेणाऱ्या वाफा असतात तिथे फोन, घड्याळ, बॅटरीची कुठलीही साधी वस्तू चालत नाही. ठिणगी न पडण्याची हमी असलेलीच उपकरणं आत जातात. सतत मोजणाऱ्या यंत्राच्या नोंदीत त्याच्या कामाचे आठ तास कोरे आहेत, आणि नेमके तेच मला हवे होते. माझं दंडाचं मशीनही तिथे चालणार नाही. त्याला सुट्टीच्या आदल्या रात्री ते बांधायचं ठरवलं. अर्धवट उत्तर, पण निदान झोपेचे आकडे मिळतील.

दुपारी १.३०

जेवण. वालाचं बिरडं, भाकरी, सुकट, पोह्याचा पापड. पेणच्या पापडांचं कौतुक मी कुणाहून कमी करत नाही. पण पापड, लोणचं आणि सुकी मासळी ही आपल्या ताटातली मिठाची तीन पोती आहेत. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि त्यात भातातलं, पापडातलं, बिस्किटातलं सगळं आलं. पेशंटला हे सांगताना मला माझं ताट आठवतं आणि मी आवाज थोडा खाली आणतो.

जेवल्यावर अर्धा तास आडवा झालो. पट्टा : १२२/७६. घड्याळ : १३३/८२. पोटाकडे रक्त वळतं, डुलकी लागते, दाब उतरतो. पट्ट्याने ते पकडलं. घड्याळ सकाळी शिकवलेल्या १३६ पासून फार लांब जायला तयार नाही.

दुपारी ३.१५

पायाला जखम झालेल्या एका मावशींना बघायला शेतावर गेलो. कालव्याचं पाणी मिळणाऱ्या शिवारात दुबार भाताची लावणी चालली आहे. मावशींचं बीपी जुनं, गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात आणि त्या नियमाने घेतात. त्यांच्या मुलीने हौसेने विचारलं, आईला पण असं घड्याळ घेऊ का? मी माझंच काढून त्यांच्या मनगटावर चढवलं, निदान नाडी तरी किती नीट वाचतं ते बघायला. हात चिखलातून नुकताच वर आलेला, थंडगार, कातडी ओली आणि उन्हाने रापलेली. घड्याळ बराच वेळ विचार करत राहिलं आणि मग ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणालं.

त्यात नवल नाही. गारठ्याने बारीक वाहिन्या आकसल्या की लाट पुसट होते. हात हलला की उजेड भलतीकडून येतो. आणि कातडीतलं मेलॅनिन हिरवा उजेड स्वतःच गिळतं. कोविडात घरोघरी पोचलेल्या ऑक्सिमीटरचं उदाहरण ताजं आहे. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की ऑक्सिमीटरला न दिसलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होती. ज्या उपकरणाची परीक्षा गोऱ्या, कोरड्या, खुर्चीत बसलेल्या हातांवर झाली, ते लावणीच्या हातावर कसं वागेल हे लावणीच्या हातावरच तपासावं लागेल.

दुपारी ४.३०

संध्याकाळच्या ओपीडीआधीचा रिकामा तास. कपाटात जुनं पाऱ्याचं मशीन आहे. पाऱ्याच्या विषारीपणामुळे मिनामाता करारानुसार अशी मशीन हळूहळू बाद होत गेली. मी ते टाकलेलं नाही, वापरतही नाही.

बीपी मोजण्याच्या इतिहासात दर काही दशकांनी कुणीतरी पट्ट्यापासून सुटका शोधतो. सुरुवात मात्र सुईच्याही पलीकडची. इंग्लंडात स्टीफन हेल्स या पाद्र्याने घोडीच्या रोहिणीत नळी खुपसून रक्त किती उंच चढतं ते पाहिलं आणि १७३३ मध्ये छापलं. आजही अतिदक्षता विभागात खरं सततचं बीपी तसंच मोजतात, मनगटाच्या रोहिणीत बारीक नळी घालून. १८९६ मध्ये रिव्हा-रोच्ची यांनी दंडाचा पट्टा आणला, १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह यांनी त्याखाली ऐकू येणारे आवाज टिपले, आणि त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ आम्ही तेच करत आहोत. १९७३ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या पेन्याझ यांनी बोटाला इवलासा पट्टा लावून ठोक्याठोक्याचा दाब मोजायची युक्ती काढली. ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर छान चालते. दिवसभर बोट आवळून भात मात्र लावता येत नाही.

आपल्याकडचं एक काम मला फार मोलाचं वाटतं आणि त्याचा गवगवा कधी झाला नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जी. डी. जिंदल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या डॉक्टरांना सोबत घेऊन विजेच्या अडथळ्यावरून रक्तप्रवाह ओळखणारं यंत्र बनवलं. शरीरातून जाणवणारही नाही इतका सूक्ष्म प्रवाह सोडायचा. ठोक्यागणिक रक्त भरलं-ओसरलं की अडथळा बदलतो, तो टिपायचा. पायाच्या रोहिणी तुंबल्या आहेत का, हे त्यावरून कळे. २०२२ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी ग्रॅफिनच्या, गोंदणासारख्या चिकटणाऱ्या पातळ पट्ट्यांनी मनगटावरून तासन्‌तास बीपीचा अंदाज बांधला, तो याच तत्त्वावर. या मार्गात उजेड नाही, म्हणून कातडीच्या रंगाचा प्रश्नही उरत नाही. सॅन डिएगोत अल्ट्रासाउंडची चिकटपट्टी बनवली आहे. ती रोहिणीची रुंदी थेट बघते. मला विचाराल तर हिरव्या दिव्यांपेक्षा मला या दोन वाटांकडून जास्त आशा आहे. पण त्या खांबच्या दुकानात यायला अजून अवकाश आहे.

संध्याकाळी ७.००

एका आजींना घेऊन चौघे आले. डोकं जड, बीपी १८०. छातीत दुखत नाही, बोलणं स्पष्ट, हातपाय ठीक. गोळ्या संपून आठवडा झालेला. गोळी पुन्हा सुरू करून थोडा वेळ बसवायचं, एवढंच करायचं होतं. पण नातू अडून बसला : सलाईन लावा. का, तर अशक्तपणा आलाय. त्याला सांगितलं की सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, आजींच्या जवळजवळ अख्ख्या दिवसाचं. तो म्हणाला, मागच्या डॉक्टरांनी लावली होती. माझा आवाज चढला. त्याच क्षणी पट्टा फुगला : १६२/९८. घड्याळ : १३७/८४.

दिवसभराची परीक्षा इथे झाली. माझं बीपी खरोखर पंचवीस मिलिमीटरने उसळलं आणि घड्याळाने ते पाहिलंच नाही. शिकवलेल्या आकड्याला धरून बसलं की सरासरी बरोबर येते, आणि कागदावर यंत्र पासही होतं. पट्ट्याच्या यंत्रांचा आंतरराष्ट्रीय नियम किमान ८५ माणसांवर तपासणी मागतो आणि सरासरी चूक पाच मिलिमीटरच्या आत हवी असं सांगतो. पण ती तपासणी शांत बसलेल्या माणसाची असते. सकाळीच उत्तर सांगून ठेवलेलं घड्याळ शांत माणसावर चुकेल कशाला? म्हणून युरोपच्या हायपरटेन्शन सोसायटीने २०२३ मध्ये बिनपट्ट्याच्या यंत्रांसाठी सहा वेगळ्या कसोट्या सुचवल्या : हात वर-खाली, औषधाआधी आणि नंतर, झोपेत, व्यायामात, वगैरे. आणि त्याच वर्षीच्या त्यांच्या मार्गदर्शिकेत निदान किंवा उपचारासाठी ही यंत्रं वापरू नयेत असं स्पष्ट लिहिलं.

अ‍ॅपलने २०२५ मध्ये जे आणलं ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. घड्याळ बीपीचा आकडा देतच नाही. तीस दिवसांच्या नाडीच्या लाटा बघून फक्त म्हणतं, बीपी जास्त असण्याची शक्यता आहे, पट्ट्याने मोजून डॉक्टरांना दाखवा. शंका काढणं हे मनगटाचं काम, निवाडा दंडाचा.

आजींना सलाईन लावली नाही. नातू नाराज होऊन गेला.

रात्री ९.३०

शेजारच्या वाडीत पोपटी. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा, मडकं उलटं, भोवती जाळ. ओवा आणि जाडं मीठ. मी चार शेंगांवर थांबलो. दंडाला पट्टा असताना डॉक्टरला कुणी आग्रहही करत नाही.

रात्री २.१०

पट्ट्याने उठवलं. चोवीस तासांच्या मशीनची ही खरी खोट : झोपेतलं बीपी मोजायला येतं आणि झोपच मोडतं. हायवेवर ट्रेलरचा हॉर्न, परत डोळा लागेपर्यंत पुढची फुगवण. मनगटावरचं घड्याळ मात्र आहे की नाही ते कळतसुद्धा नाही. या एका गुणासाठी ही यंत्रं सुधारावीत असं मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ६.३०

पट्टा सोडला, डबी संगणकाला जोडली. सत्तर टक्क्यांहून अधिक नोंदी नीट उतरल्या आहेत, म्हणजे अहवाल धरण्याजोगा. जागेपणीची सरासरी १३८/८६, मर्यादा १३५/८५. झोपेतली १२९/७९, मर्यादा १२०/७०. रात्रीची उतरण साडेसहा टक्के. घड्याळाच्या मते माझा दिवस १३५ आणि रात्र १३१. घड्याळावर विसंबलो असतो तर काठावर आहे, बघू पुढे, असं म्हणून चहा घेतला असता. अहवाल रोह्याच्या एका फिजिशियन मित्राला पाठवला आहे. स्वतःची गोळी स्वतः लिहू नये. गोळी सकाळी की रात्री, हा प्रश्न त्याला विचारणार नाही. २०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या टाइम चाचणीत २१,१०४ लोकांवर पाहिलं, फरक पडला नाही.

तुमच्या घरी असं घड्याळ असेल तर टाकू नका. पण त्याच्या आकड्यावरून गोळी वाढवू नका, कमी करू नका आणि बंद तर मुळीच करू नका. घ्यायचंच असेल तर आधी दंडाला बांधायचं, तपासून प्रमाणित केलेलं मशीन घ्या. पट्टा दंडाच्या मापाचा आहे ना, ते दुकानातच बघून घ्या. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं गप्प बसून, आकडे वहीत लिहा आणि दवाखान्यात येताना घड्याळ, मशीन आणि वही तिन्ही घेऊन या. सकाळी साडेनऊला दवाखाना उघडतो.